बा अल्लालचा बोंबलणारा ब्रेक

बा अल्लालच्या मोटारसायकलचा मागचा ब्रेक बोंबलायचा, आणि त्या बोंबलण्यावर माराकेशच्या बाब आयलान वेशीच्या आतली एक अख्खी गल्ली सुखाने नांदत होती.

गल्लीच्या एका टोकाला पाण्याचा नळ, दुसरं टोक बंद. म्हातारा संध्याकाळी आपलं ऑलिव्हचं दुकान मिटून यायचा, नळापाशी वळायचा आणि तिथेच ब्रेकवर पाय द्यायचा. तो पाय मग घराच्या दारापर्यंत उचलायचाच नाही. कीऽऽऽ अशी लांबलचक किंकाळी भिंतींवर आपटत आपटत पुढे यायची. तेवढ्या वेळात गच्चीवर गप्पांना बसलेल्या बायका खाली उतरून भाजी चिरायला लागायच्या, वरच्या घरातला बेकार जावई सिगारेट विझवून वर्तमानपत्र उघडायचा, आणि समोरची तौरिया दारात मांडलेली खुर्ची आत ओढून घ्यायची. कारण बा अल्लालला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते मत तो उभ्या उभ्या, सविस्तर द्यायचा.

पण त्या किंकाळीची सगळ्यात जास्त गरज होती त्याच्याच सुनेला, बहिजाला.

बहिजा साफी गावची. बापाचं तिथे बंदरापाशी मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. बाहुल्यांच्या वयात ती पाने-पकडींशी खेळली होती, आणि कुठलं इंजिन कशाने खोकतंय हे तिला शेजारच्या गल्लीतून कळायचं. माराकेशात बायका मोटारसायकल चालवतात याचं कुणाला काहीच वाटत नाही. जेलाब्याचा पायघोळ झगा सावरून, मागे पोर आणि पुढे भाजीची पिशवी घेऊन त्या सगळ्या शहरभर हिंडतात. पण मोटारसायकल चालवणारी बाई वेगळी आणि ती उघडून बसणारी वेगळी. लग्नाच्या दिवशीच बा अल्लालच्या थोरल्या भावाने भर पंगतीत विचारलं होतं, सून आणलीस की गॅरेज? पंगत हसली. बा अल्लालच्या मिशा थरथरल्या, आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता की माझ्या डोळ्यांसमोर माझ्या सुनेच्या हातात पाना दिसणार नाही. दिला शब्द. बा अल्लालचा शब्द म्हणजे भिंतीत ठोकलेला खिळा.

बहिजाने वर्षभर तो शब्द पाळला. मग लेक रीम झाली, नवरा तांजाच्या बंदरावर नोकरीला गेला तो सणासुदीलाच दिसायला लागला, आणि एका दुपारी तौरिया आपली गाडी ढकलत, घामाघूम होऊन, दारात येऊन उभी राहिली. साखळी उतरली होती. बहिजाने ती बसवली. दुसऱ्या दिवशी तौरियाची मावसबहीण आली, मग सुईण आली, मग शाळेतली बाई. बघता बघता दुपारनंतर बा अल्लालच्या घरातल्या चौकात, लिंबाच्या झाडाखाली, रोज एखादं चाक उघडं पडलेलं असायचं. म्हातारा सकाळी जायचा तो संध्याकाळी यायचा, आणि येताना नळापासून ओरडत यायचा. तेवढा अवधी बहिजाला पुरे होता. चाकावर चादर, चादरीवर धुणं, हत्यारं पिठाच्या रिकाम्या डब्यात. नखांत अडकलेलं काळं काही जायचं नाही, म्हणून ती बोटांना मेंदी लावायची. सतत लावायची. गल्लीत कुणाचं बारसं नसो, लग्न नसो, बहिजाची बोटं आपली लालभडक. तिला पैसे मिळायचे ते थोडेच. पण चाक जागेवर बसल्यावर एका बोटाने फिरवायचं आणि त्याची सळसळ ऐकायची, यात तिला जे मिळायचं ते तिला दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी त्या किंकाळीच्या पोटात दुसरा आवाज आला. खर्र.

बहिजा पोरीला सूप भरवत होती. चमचा तसाच हवेत राहिला. बाप सांगायचा, ब्रेक कीऽऽ करतो तेव्हा धूळ बोलते, खर्र करतो तेव्हा लोखंड. म्हणजे ब्रेकचे शू संपले, आता धातूवर धातू घासतोय. आणि याच मोटारसायकलवर बा अल्लाल रोज सकाळी रीमला पुढ्यात घेऊन बालवाडीत सोडायचा. मधे मोठा उतार होता, गाढवांच्या गाड्या, भाजीवाले, वळणं.

तिने सासूकडून सुचवून पाहिलं. बा अल्लालने सांगितलं की या गाडीला बुअज्जा मिस्त्रीशिवाय कुणी हात लावत नाही आणि बुअज्जा हजला गेलाय. जाताना तो मिस्त्री गल्लीगल्लीत फिरून सगळ्यांची माफी मागून गेला होता, कुणाचा नट सैल राहिला असेल तर पोटात घाला म्हणून. अशा माणसाच्या माघारी दुसऱ्याकडे जाणं म्हणजे विश्वासघात. तो आला की बघू.

रीम मात्र खुशीत होती. दुपारी घरी आली की सांगायची, आज गाडी मी चालवली, बा नुसते बाजूने चालत होते. सगळ्या हसायच्या. चार वर्षांच्या पोरीने काय काय चालवलं नव्हतं? मागच्या आठवड्यात तिने उंट चालवला होता, त्याच्या आदल्या आठवड्यात विमान.

बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. बहिजा म्हाताऱ्याचा ब्रेक चोरून दुरुस्त करायच्या विचारात आहे असं कळताच तौरिया, सुईण आणि वरच्या जावयाची बायको असं शिष्टमंडळ चौकात येऊन बसलं. चहा झाला. मग तौरियाने तोंड उघडलं. तिचं म्हणणं असं की दुरुस्त कर, कोण नाही म्हणतंय, पण ओरडणं तेवढं राहू दे.

"ब्रेक आहे तो, तौरिया. कोंबडा नव्हे."

"मग आम्हाला कळणार कसं तो आला ते? आणि तुला? एक दिवस असाच गुपचूप येऊन उभा राहील पाठीशी, आणि तुझ्या मांडीवर माझं चाक. मग काय सांगशील, केक भाजतेय म्हणून?"

बहिजाने चहाचे पेले गोळा करायला घेतले. तिलाही ते दिसतच होतं. म्हाताऱ्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं की संपलं, तो शब्दाचा माणूस, दुसऱ्या दिवसापासून चौकात फक्त धुणं वाळणार. तिने मनातल्या मनात सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. शू नवे घालायचे पण ड्रममधली धूळ तशीच ठेवायची? पॉलिश पेपर मारायचाच नाही? थोडं ओरडेल बिचारं. पण तिचा बाप प्रत्येक चाक बसवल्यावर त्याला कान लावायचा आणि म्हणायचा, हे चाक कुणाच्या लेकराला घेऊन जाणार ते आपल्याला ठाऊक नसतं. तिला तर ठाऊक होतं. ते लेकरू या क्षणी लिंबाच्या झाडाला फडकं बांधून त्याचा उंट करत होतं.

"शुक्रवारी," बहिजा म्हणाली. "कुसकुस झाल्यावर."

शुक्रवारी बा अल्लाल मशिदीतून यायचा, सात भाज्यांचं कुसकुस खायचा, वर वाडगाभर ताक प्यायचा आणि आडवा व्हायचा. एरवी त्याची झोप मांजराची. शुक्रवारची झोप मात्र गोणीची. मोटारसायकल तेव्हा दारामागच्या वाकड्या बोळात उभी असायची.

नवे शू तौरियाने आणले. गल्लीच्या देखत आणायचे कसे, म्हणून तिने ते भाकरीच्या फळीवर ठेवले, वर कणकेचे दोन गोळे, त्यावर फडकं, आणि फळी डोक्यावर घेऊन अगदी गल्लीच्या भट्टीवर भाकरी भाजून आणायला निघाल्यासारखी आली. लल्ला बतूलने, म्हणजे बहिजाच्या सासूने, फळी पाहिली, ही चुकून आमच्याकडे कशी आली गं बाई म्हणाली, आणि ती उचलून खरोखरच भट्टीवर धाडायला निघाली. तौरियाने तिचा हात धरला म्हणून बरं. नाहीतर त्या दिवशी भट्टीवाल्याने जन्मात न पाहिलेली भाकरी भाजली असती. फडकं जरा सरकलं. लल्ला बतूलने आत पाहिलं, फडकं पुन्हा नीट केलं, आणि नवऱ्याच्या ताटात कुसकुसचा आणखी एक डोंगर वाढायला गेली. त्या दिवशी ताकही तिने दुसऱ्यांदा भरलं.

घोरणं सुरू झालं तशी बहिजा बोळात शिरली. गाडी डबल स्टँडवर घेतली. आधी ब्रेकच्या रॉडचा नट सोडला, मग ड्रमला धरून ठेवणारी पट्टी, मग एक्सलचा नट. नट निघाला. एक्सल निघेना. वर्षानुवर्षांच्या चिखलाने तो आत असा बसला होता जसा काही त्याचं घरच ते. तिने लाकडाचा तुकडा लावून हातोडीने हलकेच ठोकलं. बोळ गाजला. आतलं घोरणं थांबलं.

बहिजाने हातोडी तशीच वर धरून ठेवली. तौरिया दारात दगडासारखी.

तेवढ्यात आतून टक् असा आवाज आला. मग पुन्हा टक्. लल्ला बतूल झोपलेल्या नवऱ्याच्या उशालाच साखरेचा दगडासारखा घट्ट शंकू घेऊन बसली होती आणि पितळी हातोडीने तो फोडत होती. बहिजाला कळायला एक क्षण लागला. मग तिने सासूच्या हातोडीवर आपली हातोडी बसवली. आत टक्, बाहेर ठक्. आत टक्, बाहेर ठक्. घोरणं पुन्हा सुरू झालं, आणि तेही कसं, तर नेमकं दोन ठोक्यांच्या मधे, एखादा ताल धरल्यासारखं. एक शंकू संपला, लल्ला बतूलने दुसरा घेतला. एक्सल सुटून बहिजाच्या मांडीवर आला तेव्हा घरात ईदपर्यंत पुरेल एवढी साखर फुटून पडली होती.

चाक बाहेर आलं. ड्रमचं झाकण उचललं आणि तिने तोंड वाकडं केलं. एका शूवरचं अस्तर पार गेलेलं, रिबीट उघडे पडून ड्रमला चरे पाडायला लागले होते. वेळेवर पाहिलं म्हणायचं. तरी एक गोष्ट तिला खटकली. तौरियाची गाडी याच रस्त्यांवर, याच उतारांवर धावते, आणि तिचे शू दोन वर्षं टिकतात. हे तर बुअज्जाने गेल्या रमजान ईदला घातलेले.

"पाय ठेवून बसतो ब्रेकवर," ती पुटपुटली. "इतकी वर्षं चालवतोय आणि पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही."

तौरियाने तिला गप्प राहायची खूण केली.

तिने ओल्या फडक्याने सगळी धूळ टिपून घेतली, चरे पॉलिश पेपरने घासून बोटाला लागेनासे केले. बेअरिंग फिरवून पाहिली, ठीक होती. शू उघडणारी खुंटी सुकली होती, तिला करंगळीच्या टोकाएवढंच ग्रीस. शूला चुकून लागू नये म्हणून ती हात जेलाब्याला पुसून मगच नव्या शूकडे वळली. स्प्रिंगा अडकवल्या, झाकण बसवलं, चाक जागी सरकवलं. साखळीचा ताण पाहिला, एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या केल्या, सगळं आवळलं, ब्रेकचा रॉड मोकळा राहील इतपत ओढला. मग एका बोटाने चाक फिरवलं आणि कान लावला.

सळसळ. फक्त सळसळ. तिने हाताने ब्रेकची पायपट्टी दाबली आणि चाक जागच्या जागी, मुकाट, थांबलं.

इतकं सुंदर काम तिने बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. आणि इतकं वाईटही तिला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. आपल्याच हाताने तिने आपल्या पहारेकऱ्याचा गळा दाबला होता.

जुने शू तिने फडक्यात गुंडाळून कोळशाच्या पोत्यात तळाला घातले. बा अल्लाल उठला, जांभई दिली, चहात साखर जास्त झाल्याची तक्रार केली आणि चार पेले प्याला.

शनिवारी सकाळी बहिजा गच्चीवरून पाहत होती. म्हाताऱ्याने रीमला पुढ्यात बसवलं, गाडी चालू केली, नळापर्यंत नेली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. आवाज नाही. तो क्षणभर तसाच बसून राहिला, मान वळवून मागच्या चाकाकडे पाहिलं, मग भुर्रकन निघून गेला. मागे वळून घराकडे काही पाहिलं नाही.

दुपारी रीम आली ती तोंड फुगवूनच. जेवेना. काय झालं म्हणून विचारलं तर डोळ्यांत पाणी. आज बांनी मला गाडी चालवू दिली नाही, म्हणाली. आज तेच बसले मागे. रोज ते चालतात आणि मी चालवते.

बहिजाच्या हातातलं गाजर हातात राहिलं.

"रोज म्हणजे?"

"ती खर्र करायला लागली तेव्हापासून. बा म्हणतात, ती म्हातारी झाली, आपण तिला फिरायला नेऊ."

म्हणजे म्हाताऱ्याला माहीत होतं. रोज सकाळी तो पोरीला सीटवर बसवून नळाच्या वळणापर्यंत गाडीवर जायचा आणि गल्लीच्या नजरेआड होताच उतरून, सबंध उतार, गाडी हाताने धरून चालत न्यायचा. मग दुरुस्त का केली नाही?

"बुअज्जा यायची वाट बघत होते ना," ती सासूला म्हणाली. बोलता बोलता तिला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं.

लल्ला बतूल बाकल्याच्या शेंगा सोलत होती. तिने वर न पाहता सांगितलं, "बुअज्जा कधीचा आलाय. आम्ही हाजीच्या स्वागताचं दूध-खजूर घ्यायला जाऊन आलो त्याच्याकडे. तुझे सासरे तिथे दोघांचा वाटा खाऊन आले."

"मग?"

"मग काय. मी शेंगा सोलतेय."

संध्याकाळ व्हायला लागली. चौकात सुईणीच्या गाडीचं मागचं चाक उघडं पडलं होतं. बहिजाच्या मनात आलं, आज आवरून ठेवावं, लवकर. पण सुईणीला पहाटे कुणाकडून बोलावणं येईल सांगता येत नव्हतं आणि चाक द्यायलाच हवं होतं. तिने तौरियाला गच्चीवर बसवलं आणि कामाला लागली. हात भराभर चालत होते, कान मात्र गल्लीत. ऐकायला काहीच नव्हतं. इतकी शांतता तिला या घरात कधी ऐकू आली नव्हती.

आणि मग नळापाशी कुणीतरी ओरडलं.

"बाजूला व्हा! रस्ता सोडा! माणूस येतोय, गाडी येतेय, बाजूला व्हा!"

बाजारात ओझ्याची गाढवं हाकताना हमाल ओरडतात तसं. आवाज बा अल्लालचा होता. दोन पावलं, की पुन्हा तेच. मधेच दणदणीत खोकला. मग पुन्हा बाजूला व्हा. तौरियाने गच्चीवरून वाकून पाहिलं आणि हसून हसून ती कठड्यालाच टेकली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. एक मांजर होतं, ते पायरीवर बसून म्हाताऱ्याकडे बघत होतं. इंजिन बंद, आणि बा अल्लाल गाडी ढकलत, गोगलगाईच्या चालीने, रिकाम्या गल्लीला रस्ता सोडायला सांगत येत होता.

बहिजाने चादर टाकली, चादरीवर धुणं टाकलं आणि त्याच्यामागे बसून राहिली. हातात पाना तसाच.

म्हातारा आत आला. बोळात गाडी लावली. चौकाच्या तोंडाशी आला आणि चौकाकडे पाठ करून जोडे काढायला बसला. एक जोडा काढायला माणसाला एवढा वेळ लागतो हे बहिजाला ठाऊक नव्हतं. घसा बसलेल्या आवाजात त्याने बायकोला हाक मारली, खिशातून कागदात बांधलेला काळ्या साबणाचा गोळा काढून तिच्या हातात दिला.

"हा पोरीला दे. ग्रीससुद्धा निघतं म्हणे याने. रोज उठून मेंदी कशाला? मेंदीवाला मला विचारतो, अल्लाल, तुझ्या घरी कितवं लग्न?"

लल्ला बतूल बरं म्हणाली.

"आणि त्या ब्रेकचं ओरडणं गेलं, ते एक वाईट झालं. रोज नळापासून दारापर्यंत पाय दाबून यायचो. शू जळायचे, बुअज्जा शिव्या द्यायचा, पण घरातल्या माणसांना आवराआवरीला वेळ मिळायचा. शब्द देऊन बसलोय ना मी. डोळ्यांनी दिसलं की झालं." त्याने दुसरा जोडा काढायला घेतला. "तसं काम बरं केलंय ज्याने केलंय त्याने. मी म्हटलं बघू, त्या माणसाला ते खर्र किती दिवस ऐकवतं ते. तसे पुष्कळ दिवस लावले. आणि साखळी डावीकडे जरा ओढलीय."

धुण्यामागून आवाज आला.

"नाही ओढलेली. खुणा दोन्हीकडे सारख्या आहेत."

 गच्चीवरची तौरिया हसायची थांबली. बहिजाने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, तर तोंडाला ग्रीस लागलं.

बा अल्लालच्या पाठीने हसायला सुरुवात केली. आवाज नाही, फक्त खांदे हलत होते.

"बतूल," तो म्हणाला, "धुणं बोलायला लागलं वाटतं. वाळलं असेल तर आत घे." आणि भिंतीकडे तोंड वळवून, चौक डाव्या हाताला ठेवून, तो एखाद्या आंधळ्यासारखा चाचपडत खोलीत निघून गेला. दारापाशी मात्र थांबला. "सुईणीचं चाक आज व्हायला हवं, एवढं त्या धुण्याला सांग. तिसऱ्या गल्लीतल्या सुतारणीचे दिवस भरलेत."

पुढच्या शुक्रवारी कुसकुस आणि ताक झाल्यावर तो झोपला, की डोळे मिटून पडला, ते कुणी सांगावं. बहिजाने साखरेची वाट न बघता बोळात जाऊन काम केलं. शहरातल्या मोठ्या चौकात पाणी विकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात असते तशी एक पितळी घंटा तौरियाने कुठूनशी पैदा केली होती. बहिजाने ती ब्रेकच्या रॉडला अशी टांगली, की पायपट्टी दाबली म्हणजे रॉड सरके आणि घंटा वाजे. शूला त्रास नाही, ड्रमला चरा नाही, घशाला शीण नाही.

ही कुठून आली, असं बा अल्लालने विचारलं नाही. नळापाशी वळला की तो पायाने ती वाजवतो, हलक्या पायाने, दारापर्यंत. गल्लीची तक्रार फक्त एकच आहे. घंटा खड्ड्यातही वाजते, आणि नळाला यायच्या आधीच्या रस्त्यावर खड्डे बरेच आहेत. त्यामुळे हल्ली वरच्या जावयाला एका संध्याकाळी कितीदा तरी वर्तमानपत्र उघडावं लागतं, आणि परवा तर म्हणे तो ते वाचायलाही लागला.